श्याम आठवतो, गुरुजी नाही

मे महिन्यात रत्नागिरीला घरी गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला म्हणून बाईक काढली आणि पालगडला जाऊन आलो. दापोली तालुक्यातलं हे गाव. २४ डिसेंबर १८९९ ला पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी, इथे जन्मले. घर आता स्मारक म्हणून जपलंय.

रात्री जेवताना आईला सांगितलं. ती म्हणाली, "श्यामची आई वाचताना किती रडायचास तू!" मी सहज विचारलं, गुरुजी गेले कसे, माहितीये तुला? ती जरा थांबली. "माहितीये रे. पण ते मुलांना कशाला सांगायचं?"

खरंय, मलाही कोणी सांगितलं नव्हतं. ११ जून १९५० ला गुरुजींनी आत्महत्या केली हे मला इंजिनिअरिंगला असताना कळलं. वय अवघं ५०.

आपल्या डोक्यातले गुरुजी म्हणजे भाबडे, सदा डोळ्यांत पाणी. पण मंडळी, या माणसाचा बायोडेटा एकदा नीट बघा. १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात मास्तर. १९३० मध्ये ती नोकरी सोडून सत्याग्रहात उडी. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलायचे, ते उतरवून घेणारे गुरुजीच. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून काढलं, तेही पाच दिवसांत. म्हणजे ज्या पुस्तकाला आपण गोड गोड संस्कारांचं पुस्तक म्हणतो, ते सरकारशी पंगा घेतलेल्या एका कैद्यानं लिहिलंय!

आणि पंढरपूर? खोताच्या, ब्राह्मण घरात जन्मलेला हा माणूस १ मे १९४७ ला तिथे उपोषणाला बसला. विठोबाचं देऊळ अस्पृश्य मानलेल्या माणसांना खुलं करा, एवढीच मागणी. त्याआधी त्यासाठी महाराष्ट्रभर दौरा केला होता. १० मे ला उपोषण सुटलं, मंदिरप्रवेशाचा मार्ग मोकळा झाला. याला रडूबाई कसं म्हणायचं?

पुढे गांधीहत्या झाली. १५ ऑगस्ट १९४८ ला गुरुजींनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. त्यानंतर दोन वर्षंही पुरी झाली नाहीत.

का? उत्तरं तयार असतात. गांधीहत्येचा धक्का, स्वातंत्र्यानंतरचा भ्रमनिरास, हळवा स्वभाव. आमच्या कामात सर्व्हर पडला की 'रूट कॉज' शोधून रिपोर्ट द्यावा लागतो. एक कारण लिहिलं की तिकीट बंद! माणसाचं असं तिकीट बंद करता येत नाही. हीच सगळी दुःखं पोटात घेऊन त्या पिढीतले कितीतरी लोक जगलेच की. अनेक गोष्टी एकत्र येतात, त्यात मनाचा आजारही असू शकतो. १९५० मध्ये त्याबद्दल कोण कोणाशी बोलणार होतं?

हॉस्टेलवर आमच्या एका सीनिअरनं आत्महत्या केली तेव्हा जेवणाच्या टेबलावर मीच म्हणालो होतो, "फार सेन्सिटिव्ह होता रे." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला. त्याआधीचे दोन महिने तो मेसला येत नव्हता, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. एकानंही दार वाजवलं नाही. मीही नाही. 'सेन्सिटिव्ह' म्हटलं की सगळी जबाबदारी गेलेल्यावर जाते, आपण मोकळे.

गुरुजींचं आपण तेच केलं. श्याम ठेवून घेतला, तो बंडखोर माणूस विसरलो आणि त्याच्या मरणावर पांघरूण घातलं. त्या मरणाचं कौतुक नको, त्याला बलिदान वगैरेही म्हणायला नको. पण लपवायलाही नको. एवढ्या हिमतीचा माणूससुद्धा आतून खचू शकतो, हे मुलांना कळलं तर त्यातलं एखादं "मला बरं वाटत नाहीये" असं लाज न बाळगता सांगेल. आता १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर चोवीस तास बोलायची सोय तरी आहे.

असो. तुमच्या ओळखीत कोणी बरेच दिवस मेसला आलं नसेल, तर आजच दार वाजवा.