कऱ्हाडचा ‘ऱ्ह’: फॉन्ट निवडण्याआधी थोडा इतिहास

  आजवर मी लढायांबद्दल बोललो. आजचा विषय अक्षरांचा आहे, आणि त्याची सुरुवात माझ्या एका चुकीपासून होते.

काही वर्षांपूर्वी आम्ही चंदीगडच्या मराठी मंडळींनी गणेशोत्सवात एक स्मरणिका काढली. तिच्यात आमच्याबरोबर सेवा केलेल्या आणि परत न आलेल्या जवानांची यादी होती: नाव, हुद्दा, गाव. फॉन्ट मी निवडला. मथळ्यात रुबाबदार दिसला, म्हणून तोच यादीलाही लावला. त्या फॉन्टमध्ये ‘ऱ्’ हे अक्षरच नव्हते. छपाईवाल्याने हिंदीच्या सवयीने रफार दिला आणि ‘कऱ्हाड’चे ‘कर्हाड’ झाले. मी प्रूफ पाहिले आणि सही केली.

महिनाभराने एका जवानाच्या आईचा फोन आला. “साहेब, पोराचं नाव बरोबर आहे, पण हे गाव आमचं नव्हे.” मी काय उत्तर देणार? त्यानंतर मी या विषयाचा अभ्यास सुरू केला.

मराठी छपाईची सुरुवात महाराष्ट्राबाहेर झाली. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला देवनागरीत छापले गेले. त्याचाच मराठी कोश १८१० मध्ये निघाला, तो मात्र मोडीत, कारण आपला रोजचा व्यवहार मोडीत चाले. पुढे मुंबईत अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे टाइप सुधारले. त्याच छापखान्यात जावजी दादाजी हा मुलगा लहानपणीच कामाला लागला. शिक्षण बेताचे, पण नजर तयार झाली. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइपचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू अक्षरांचे पंच कोरत. पोलादावर एकेक अक्षर उलटे कोरायचे, म्हणजे एक वेलांटी चुकली की सगळी मेहनत पुन्हा. निर्णयसागरची संस्कृत पुस्तके शुद्धतेसाठी देशभर नावाजली गेली, त्यामागे ही शिस्त होती.

मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या टाइपांत काही अक्षरांची वळणे वेगळी होती. अ, झ, ण, ल, श ही त्यातली ठळक. हा फरक आजही जिवंत आहे. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठीची ओळख, आणि २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने वर्णमालेचा निर्णय काढला तेव्हा ती वळणे नक्की केली.

मग संगणक आला. रघुनाथ कृष्ण जोशी यांनी केलेला ‘मंगल’ फॉन्ट विंडोज २००० बरोबर देशभर पोचला. आज ‘एक टाइप’ या मुंबईच्या मंडळींचा ‘मुक्ता’ फुकट मिळतो. त्याचीच गुरुमुखी बहीण ‘मुक्ता माही’. आमच्या शहरात पाटीवर देवनागरी, गुरुमुखी आणि इंग्रजी शेजारी शेजारी असतात, तिथे ही जोडी फार कामाची. तिन्ही लिप्या एकाच कवायतीत चालल्यासारख्या दिसतात.

आता नवशिक्यांसाठी माझे स्थायी आदेश. फक्त चार.

एक, आधी मजकूर, मग सौंदर्य. फॉन्ट घेताना ‘कऱ्हाड, दऱ्या, दर्या, बाळ, लक्ष, ज्ञान’ एवढे टाइप करून बघा. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. नकाशावर ही चूक झाली तर तुकडी कुठे जाईल, विचार करा.

दोन, दोनच फॉन्ट पुरेत. एक मथळ्याला, एक मजकुराला. दोघांत फरक स्पष्ट हवा. जाड गोलसर ‘बलू’ मथळ्याला आणि शांत ‘मुक्ता’ मजकुराला, हे जमते. जवळजवळ सारखे दिसणारे दोन फॉन्ट घेतले, तर वाचकाला ती छपाईची चूक वाटते.

तीन, शेजारी इंग्रजी असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. दोन्हींना बारा पॉइंट दिले तरी ती एका उंचीची दिसतीलच असे नाही. डोळ्याने जुळवा. आणि देवनागरीत ओळींमध्ये जास्त जागा सोडा, वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात.

चार, नावे असतील तर प्रूफ त्या भाषेच्या माणसाला दाखवा, आणि शक्य असेल तर त्या घरच्या माणसाला.

इथे सेक्टर तीनमध्ये युद्धस्मारक आहे. भिंतींवर हजारो नावे कोरलेली आहेत. लोक येतात, एक नाव शोधतात आणि त्यावर बोट फिरवतात. ती अक्षरे सुंदर आहेत की नाहीत, हे त्यांच्यापैकी कुणी बघत नाही. ती बरोबर असावी लागतात.

आम्ही स्मरणिकेचे ते पान पुन्हा छापले आणि मी ते स्वतः कऱ्हाडला नेऊन दिले. माउलींनी चष्मा लावला, गावाचे नाव वाचले आणि म्हणाल्या, “आता बरोबर.” मग चहा ठेवला.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.