टपालाच्या थैलीतली मिरची

लढाईच्या दिवसांत टपाल खातं दोन धन्यांची चाकरी करतं. शिपायाची मनीऑर्डर आणि घरची खुशाली ते दारात आणून देतं. आणि सरकारने मागितलं, की तीच पत्रं त्याच्या हवाली करतं. १८९८च्या टपाल कायद्याच्या २६व्या कलमाने सरकारला हा अधिकार दिला होता. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, एवढं कारण त्याला पुरे होतं.

पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, हिंदी पलटणी फ्रान्सच्या खंदकांत उतरल्या. त्यांची पत्रं तपासायला बुलोन इथे खास कचेरी होती. उर्दू, गुरुमुखी, हिंदी पत्रांतले उतारे इंग्रजीत करायचे आणि वरिष्ठांना अहवाल धाडायचा, हे तिचं काम. शिपायांना याचा सुगावा लागला. मग कुणी लिहिलं, की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरताहेत. म्हणजे काळे शिपाई संपले, आता गोरे पुढे आले. कुणी आडून, तर कुणी सरळच घरी कळवलं, की भावाला भरती होऊ देऊ नका.

आमचं नंदुरबार मिरचीचं गाव. पथारीवर वाळत घातलेली लाल मिरची पाहिली, की मला ती पत्रं आठवतात. कवी ज्याला रूपक म्हणतो, ते या शिपायांनी जिवाच्या भीतीने घडवलं. पण तपासनीसही कच्चा नव्हता. त्याने मिरचीचा अर्थ ओळखला आणि अहवालात नोंदवला. गंमत अशी, की म्हणूनच ते शब्द आज आपल्याला वाचायला मिळतात. घरी पोचलेली कितीतरी पत्रं काळाने खाल्ली. सरकारने उतरवून घेतलेली दप्तरात टिकली.

दुसऱ्या महायुद्धात नाराजी पत्रातून रस्त्यावर आली. ९ ऑगस्ट १९४२ला नेते पकडले गेले. बरोबर महिन्याने, ९ सप्टेंबरला, नंदुरबारात तिरंगा घेऊन मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण हुतात्मा झाले. शिरीषकुमारला सोळावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

वर्तमानपत्रांवर बंधनं, टपालावर नजर. मग बातमी पोचायची कशी? भूमिगतांची पत्रकं हातोहात फिरली. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. नोव्हेंबरात पोलिसांनी तो पकडला.

त्याच वेळी देशभर टपाल कचेऱ्यांवर हल्ले झाले. सरकारी आकडेवारीप्रमाणे १९४३ अखेर ९४५ कचेऱ्या उद्ध्वस्त झाल्या किंवा त्यांचं मोठं नुकसान झालं. कारण उघड होतं. तारयंत्र तिथेच असे. तार तुटली, की पोलिसांची जादा कुमक मागवणं अवघड होई. पण जिथे कचेरी जळाली, तिथे मनीऑर्डरीची वाट पाहणारी म्हातारीही अडली असणार. चळवळीचा गौरव करताना तिला विसरू नये. तिचं सरकारशी काही नातं नव्हतं. तिला फक्त पोस्टमन ठाऊक होता.

१८९८चा कायदा आता इतिहासजमा झाला. त्याच्या जागी डाकघर अधिनियम, २०२३ आला आणि जून २०२४पासून तो लागू झाला. टपाल अडवण्याचा अधिकार मात्र त्याच्याही नवव्या कलमात आहे. राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी ही कारणं तिथे लिहिलेली आहेत. परक्या सरकारचा कायदा आपण बदलला, अधिकार ठेवला. देशाला कधी त्याची गरज पडेलही. पण तो वापरणाऱ्याला प्रश्न विचारण्याची मुभा नागरिकाला हवी, आणि तो प्रश्न मिरचीच्या भाषेत विचारायची वेळ त्याच्यावर येऊ नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)