माळीण : चाव्या दिल्या, पुढं काय?

शिनोलीत दोन दिवस पावसाची झड लागली की आजही कुणीतरी विचारतंच, "वर माळीणकडं काय हाल?" इतकी वर्षं झाली, तरी हा प्रश्न जात नाही.

३० जुलै २०१४, बुधवार. सकाळी डोंगराचा कडा सुटला आणि माळीण गाव चिखलाखाली गेलं. नेहमीची एसटी तिथवर पोचली तर ड्रायव्हरला गावच दिसेना, तेव्हा कुठं बाहेर खबर लागली. १५१ माणसं गेली. बहुतेक महादेव कोळी समाजाची, उतारावर भात पिकवणारी. एकेका घरात रडायलाही कुणी उरलं नाही.

वाचलेल्यांचे पुढचे पावसाळे पत्र्याच्या शेडमध्ये गेले. मग जवळच आमडे इथं नवं गाव उभं राहिलं. २ एप्रिल २०१७ ला मुख्यमंत्र्यांच्या हस्ते लोकार्पण झालं. भूकंपातही टिकतील अशी पक्की घरं, रस्ते, शाळा. कागदावर पुनर्वसन पूर्ण झालं. आणि त्याच वर्षी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात भराव खचला, रस्त्याला भेगा पडल्या. ज्यांनी डोंगर अंगावर येताना पाहिला, त्यांना त्या भेगा बघून काय वाटलं असेल?

जपानच्या फुकुशिमाबद्दल वाचताना मला माळीण आठवतं. तिथं किरणोत्सर्ग, इथं चिखल. आपत्ती वेगळी, पण दोन्हीकडं माणसाचा पायाखालच्या जमिनीवरचा विश्वास उडाला. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर तिथली अणुभट्टी बिघडली आणि फुताबा हे गाव पूर्ण रिकामं करावं लागलं. त्याच्या काही भागात राहायला परवानगी मिळाली ती ऑगस्ट २०२२ मध्ये. तोवर पोरं परगावी शिकून मोठी झाली होती. परतले ते थोडेच.

अजून एक आकडा लक्षात ठेवा. फुकुशिमा प्रांतात भूकंप आणि त्सुनामीनं थेट घेतलेले बळी साधारण १६००. त्यानंतर स्थलांतराची फरफट, आजारपण, तुटलेले उपचार, मनावरचा ताण यामुळं गेलेल्यांची सरकारी नोंद २३०० च्या वर. म्हणजे आपत्तीपेक्षा आपत्तीनंतरच्या वर्षांनी जास्त माणसं नेली. जपाननं निदान ती मोजली.

आपल्याकडं असं कोण मोजतं? आपल्या तालुक्याचं नाव ज्या आंबेगाववरून पडलं, ते गावच डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तिथून उठलेली माणसं पुढं कुठं रुजली, कुठं नाही, याचा हिशेब कुणी मांडला?

माळीणनंतर २०२१ मध्ये महाडचं तळिये गेलं, २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी. दर वेळी तेच: भेटी, मदतीची घोषणा, घरांचा आराखडा. घरं हवीतच, त्याबद्दल वाद नाही. पण गाव म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. शेताची वाट, शेजार, देवाची जत्रा, हाताला काम हे सगळं मिळून गाव होतं. ते बसायला एक पिढी जाते.

म्हणून मागणी साधी आहे. दर मे महिन्यात नव्या गावाचे उतार, गटारं, संरक्षक भिंती तपासा आणि अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवा. दर पाच वर्षांनी घरोघरी जाऊन विचारा : रोजगार काय, पोरं कुठं शिकतात, रात्री पाऊस लागला की झोप येते का?

शेवटच्या प्रश्नाला "येते" असं उत्तर मिळेल, त्या दिवशी माळीणची फाईल बंद करा. तोवर नको.