साथींतील विद्यापीठबंदी व विद्यार्थ्यांचें प्रणयजीवन

साथीमुळें विद्यापीठें ओस पडणें ही गोष्ट अपूर्व नव्हे. इ. स. १६६५ त प्लेगच्या भयानें केंब्रिज बंद पडलें व न्यूटन आपल्या वुल्झथॉर्प गांवीं परतला. तथापि तें विद्यापीठ केवळ पुरुषांचें होतें. इ. स. २०२० त अमेरिकेंत जें घडलें त्याचें स्वरूप निराळें. येल कॉलेजांत इ. स. १९६९ पासून स्त्रियांस प्रवेश मिळूं लागला, आणि वसतिगृह हें तरुण-तरुणींच्या सहवासाचेंहि स्थान झालें.

ता. १० मार्च २०२० रोजीं हार्वर्डनें विद्यार्थ्यांस १५ तारखेपर्यंत वसतिगृहें सोडण्यास सांगितलें. अनेक जोडप्यांची ताटातूट झाली. आईबापांच्या घरीं एकांत उरला नाहीं. त्याच महिन्यांत येलच्या विद्यार्थ्यांनीं 'ओके झूमर' ही जोडी जुळविणारी सेवा काढली. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्यखात्यानें तर पत्रक काढून, घराबाहेरील व्यक्तींशीं शरीरसंबंध टाळावा व पडद्यावरील भेटीवर भागवावें, असें सुचविलें.

हें पत्रक दप्तरांत राहील. परंतु ज्यांस तें उद्देशून होतें त्यांचा विरह बव्हंशीं लघुसंदेशांत व दृक्‌संभाषणांत व्यक्त झाला. त्यास ना कागद, ना शाई. यंत्र बदललें कीं तो लेख लोपला. म्हणून केवळ आज्ञेवरून आचरणाचें अनुमान पुढील इतिहासकारानें करूं नये. आणि ज्यांजवळ असे संदेश असतील त्यांनीं ते वेळींच कागदावर उतरवून ठेवावे, हें उचित होय.