‘डुक्कर’ की ‘डिलाइट’? जुनी फियाट ओळखताना आणि उभी करताना

पेठांमधील वाडे पाडले जाऊ लागले, डेक्कन-एरंडवण्यातील बंगल्यांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या, तसतशा ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे निपचित पडलेल्या फियाट गाड्याही बाहेर येऊ लागल्या. त्यातील बऱ्याचशा थेट भंगारात जातात. काही मात्र एखाद्या हौशी माणसाच्या हाती लागतात. विकणारा सांगतो, ‘आजोबांची गाडी आहे, पंचावन्नचं मॉडेल.’ घेणारा विश्वास ठेवतो, आठवड्याभरात गाडी डेंटरकडे सोडतो आणि पुष्कळ पैसे खर्च झाल्यावर त्याच्या लक्षात येते, की गाडीचा सांगाडा एका सालचा, इंजिन दुसऱ्या सालचे आणि आरसी बुकात तिसरेच काही लिहिले आहे. म्हणून जुनी गाडी घेतल्यावर पहिले काम पान्याचे नसते, ओळख पटवण्याचे असते. आपल्याकडे फियाटच्या बाबतीत हे काम वाटते तितके सोपे नाही.

त्याचे कारण या गाडीच्या इतिहासात आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर त्यांच्याच नावाचे. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकी डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवल्या जात. पन्नासच्या दशकाच्या आरंभी इटलीच्या फियाटशी करार झाला, आणि छोट्या ‘फियाट ५००’पाठोपाठ ‘११००’ आली. तिला इटलीत ‘मिल्लेचेंतो’, म्हणजे ‘अकराशे’ म्हणत. कारखान्याच्या भाषेत ती ‘११००/१०३’. मार्च १९५३मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी जगापुढे आली; पुढच्याच महिन्यात वालचंद निवर्तले. इटलीत ११००चे उत्पादन १९६९मध्ये थांबले. आपल्याकडे तिचाच वंश विसावे शतक सरेपर्यंत चालू राहिला. परवाना राज्यात नवे मॉडेल आणणे अवघड होते आणि ग्राहक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत उभे होते. मग बदल करण्याची घाई कोणाला असणार? त्यामुळे चार-साडेचार दशकांतील गाड्या वरवर एकमेकींसारख्या दिसतात, एकीचा सुटा भाग दुसरीला बऱ्याचदा बसतो, आणि म्हणूनच त्यांची सरमिसळही होते.

ओळखीची सुरुवात पुढच्या दारांपासून करावी. मूळ ११००/१०३च्या पुढील दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबाला असत. दार उघडले की त्याची पुढची कड बाहेर येई; दोन्ही दारे एकदम उघडली तर कपाटाची दारे उघडल्यासारखे दिसे. गोलाकार, पुढे आलेल्या नाकाड्यामुळे मुंबई-पुण्याकडे हिला ‘डुक्कर फियाट’ हे नाव पडले. नाव कितीही अपमानकारक वाटो, ते प्रेमाने घेतले जाई आणि आज जाणकारांच्या बाजारात तेच मानाचे झाले आहे. त्यानंतर ‘एलिगंट’, ‘सिलेक्ट’, ‘सुपर सिलेक्ट’ अशी नावे आली. मागील मडगार्डांना शेपटीसारखी टोके फुटली, जाळी आणि दिवे बदलले.

१९६४मध्ये ‘११०० डिलाइट’ आली आणि चेहरामोहराच पालटला. रेषा सरळ झाल्या, नाक चपटे झाले आणि चारही दारांच्या बिजागऱ्या पुढच्या बाजूला गेल्या. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी बँकेकडून पाच हजार रुपयांचे कर्ज काढून घेतलेली फियाट याच १९६४ सालची. आजही ती दिल्लीच्या स्मारकात पाहायला मिळते. डिलाइट अस्सल स्थितीत कशी दिसते याचा तो एक नमुना म्हणायला हरकत नाही. फियाटबरोबरचा करार संपल्यावर हीच गाडी काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४पासून चितोडच्या राणीच्या नावाने ‘प्रीमियर पद्मिनी’. तेव्हा बॉनेटवर फियाटचे चिन्ह आणि कागदावर पद्मिनी असेल, तर चिन्ह नंतर लावलेले आहे असे समजावे. हे सर्रास केले जाते.

इंजिनाच्या बाबतीत एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. इटलीतील ११०० डीचे इंजिन १२२१ सीसीचे होते. भारतीय डिलाइटमध्ये मात्र जुनेच, ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे १०८९ सीसी इंजिन कायम राहिले आणि पद्मिनीनेही ते शेवटपर्यंत वापरले. परदेशी पुस्तिका पाहून सुटे भाग मागवणारे इथे हमखास फसतात. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असेल तर गाडी मूळ पठडीतली. तो जमिनीवर असेल तर एकतर ती अखेरच्या काळातील एस-१ किंवा डिझेल पद्मिनी आहे, नाहीतर कोणीतरी गिअरबॉक्स बदललेला आहे. डिझेल पद्मिनीचे इंजिनही इटालियनच, पण फियाटचे नव्हे, एफएनएम या कंपनीचे. पुढे अनेकांनी इंधन परवडावे म्हणून पेट्रोल गाडीत मिळेल ते डिझेल इंजिन बसवून घेतले. त्या काळात ते शहाणपणाचे होते. आज अशी गाडी घेणाऱ्यासाठी ती सर्वांत खर्चिक गोष्ट ठरते.

गाडी पूर्वी टॅक्सी होती का, हेही पाहावे. मुंबईत मीटर बाहेर, डाव्या बाजूला पुढे बसवलेला असे. तिथे बुजवलेली भोके सापडतात. दाराच्या आतील आच्छादन किंवा रबरी पट्टी काढली की खाली काळा-पिवळा रंग डोकावतो. डिकीत सीएनजीच्या टाकीचे पट्टे बसवल्याच्या खुणा असतात. टॅक्सी असणे हा दोष नव्हे. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३मध्ये निरोप घेतला, तेव्हापासून तर त्यालाही एक मोल आले आहे. पण ‘एकाच कुटुंबाने वापरलेली’ म्हणून टॅक्सीची किंमत मोजू नये, एवढेच. मूळ रंगही अशाच झाकलेल्या जागी मिळतो : डॅशबोर्डच्या मागे, सीटखाली, दिव्यांच्या खोबणीत. तिथला टवका रंगाच्या दुकानात नेऊन तोच रंग जुळवून घेता येतो.

यानंतर कागदपत्रे. सामान्यतः बॉनेट उघडल्यावर इंजिनामागील पत्र्याच्या भिंतीवर चासी क्रमांक आढळतो आणि इंजिन क्रमांक ब्लॉकवर. दोन्ही क्रमांकांवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा आणि आरसी बुकातील क्रमांकाशी आकडा न् आकडा ताडून पाहावा. क्रमांकाच्या जागी ताजा रंग, घासल्याच्या रेघा किंवा वेल्डिंग दिसले तर व्यवहार तिथेच थांबवणे इष्ट. पुण्याचा ‘एमएच १२’ हा क्रमांक असलेली डिलाइट म्हणजे काही लबाडी नव्हे. ही पद्धत १९८९च्या सुमारास आली आणि परगावहून आलेल्या अनेक गाड्यांची नंतर नव्याने नोंदणी झाली. मात्र ‘एम’ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरांचा जुना क्रमांक शाबूत असेल तर तो जपावा. तो गाडीच्या वयाचा साक्षीदार असतो.

कागदांतील खरी अडचण बहुधा दोन जागी निघते. मूळ मालक हयात नसतो आणि गाडी अजून त्याच्याच नावावर असते. अशा वेळी आधी वारसांच्या नावावर नमुना ३१ भरून हस्तांतर करावे लागते, मगच विक्रीचे नमुने २९ आणि ३०. दुसरी म्हणजे जुन्या कर्जाची नोंद. हप्ते चाळीस वर्षांपूर्वी फिटलेले असतात, पण आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच असतो आणि ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते. हा दाखला मिळवण्यात महिने जातात. त्यामुळे हे काम गाडी डेंटरकडे सोडण्यापूर्वी सुरू करावे, नंतर नव्हे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण आणि सोबत पर्यावरण कर. मधली थकबाकी किती, हे विकत घेण्यापूर्वीच आरटीओत विचारावे.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१मध्ये केंद्राने वेगळे नियम केले आणि त्यांनी पुनर्बांधणीचे गणितच बदलले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. तिचे शुल्क २० हजार रुपये ठरवले गेले, मुदत दहा वर्षांची, नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. अट अशी, की चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच तिला मोकळीक. म्हणजे रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत हौसेने फेरी मारायची असेल, तर नेहमीची नोंदणी चालू ठेवणेच बरे. पहिल्या पद्मिनीही आता पन्नाशी ओलांडू लागल्या आहेत, तेव्हा हा निर्णय बऱ्याच मालकांना घ्यावा लागणार आहे. वातानुकूलन, जपानी इंजिन, रुंद चाके हे सगळे गाडीत कोंबायचे की नाही, याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. माझे मत विचाराल तर डुक्कर फियाटला हातही लावू नये, इतक्या त्या कमी उरल्या आहेत. पंच्याण्णवच्या पद्मिनीत मालकाने थोडी सोय करून घेतली तर फार बिघडत नाही.

आता प्रत्यक्ष काम. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यामुळे गंज हा इथे दिसण्याचा प्रश्न नसून ताकदीचा प्रश्न आहे. दारांखालचा लांब पोकळ पत्रा, पायाखालची जमीन, मागील पाटे जिथे अडकवतात त्या जागा आणि डिकीचा तळ या ठिकाणी आधी पाहावे. पातळ फडक्यात लोहचुंबक गुंडाळून फिरवावे. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. डेंटर दाराखालचा गंजका पत्रा कापणार असेल, तर सांगाड्याला आतून आडव्या-तिरप्या पट्ट्यांचा आधार आधी वेल्ड करून घ्यावा. नाहीतर नवा पत्रा बसतो, पण त्यानंतर दारे कधीच नीट लागत नाहीत. काम पावसाळ्यात काढू नये. उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो आणि त्याच्यावर चढवलेला रंग दोन वर्षांत फुगतो.

गाडी उघडण्यापूर्वी प्रत्येक बाजूचे, प्रत्येक वायरीचे आणि नळीचे छायाचित्र काढावे. स्क्रू आणि पट्ट्या वेगवेगळ्या पिशव्यांत, नाव लिहून ठेवाव्यात. क्रोमच्या पट्ट्या, दारांच्या मुठी, मूळ काचा आणि घड्याळे यांची यादी करून ती गॅरेजमालकाला सहीसकट द्यावी. इंजिनाचे भाग पुन्हा मिळतात, या वस्तू मिळत नाहीत.

बंद पडलेले इंजिन बॅटरी जोडून लगेच फिरवण्याचा मोह सर्वांना होतो. तो टाळावा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, एक-दोन दिवसांनी हाताने फिरवून पाहावे. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे, टाकी आतून धुऊन घ्यावी. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असल्याने वर्षानुवर्षे साध्या नळाच्या पाण्यावर चाललेल्या गाडीचे हेड आतून खाल्लेले असते; ते लेथवाल्याकडून तपासून, फेसिंग करून घ्यावे. देशात शिसेविरहित पेट्रोल २००० साली सर्वत्र आले, त्यापूर्वीच्या इंजिनाचे काम निघालेच तर व्हॉल्व्हच्या सीटा कठीण धातूच्या बसवाव्यात. अलीकडे पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुनी रबरी नळी आणि इंधन पंपाचा पडदा त्याला टिकत नाहीत. मऊ पडून गळू लागतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणे म्हणजे आगीला आमंत्रण. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवणे हा शंभर-दोनशे रुपयांचा फरक आहे, त्यात काटकसर करू नये.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या गाडीत ब्रेक ऑइलने हवेतील ओल शोषलेली असते आणि चाकांतील सिलिंडर आतून गंजलेले असतात. केवळ वॉशर बदलून भागत नाही. पुढच्या चाकांच्या किंगपिन ग्रीसवाचून झिजतात. त्यांतील खडखड म्हणजे पूर्वीच्या मालकाने ग्रीसिंग टाळल्याचा पुरावा. पहिला गिअर सिंक्रोनाइज्ड नाही, गाडी पूर्ण थांबल्याखेरीज तो टाकू नये. नव्या चालकाला हा धडा गिअरबॉक्स स्वतःच कर्कश आवाजात देतो!

सुट्या भागांसाठी पुणेकरांना फार दूर जावे लागत नाही. नाना पेठेतील जुन्या दुकानांतून पद्मिनीच्या ब्रेकचे, क्लचचे, इंजिनाचे बरेच सामान अजून निघते. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात कधीकधी दिवा, मूठ, घड्याळ हाती लागते. उरलेल्यासाठी कुर्ला गाठावे लागते. डुक्कर फियाटच्या पुढच्या काचेसाठी आणि दिव्यांच्या कड्यांसाठी मात्र पैसे असूनही थांबावे लागते. अशा वेळी दुकानदाराला सुटा भाग काढून दाखवणे उत्तम. ‘फियाटचा द्या’ म्हटले तर तो पद्मिनीचाच देणार, कारण बहुतेक वेळा तोच बसतो. जिथे बसत नाही, तिथे गाडी कोणत्या सालची हे त्याला सांगता आले पाहिजे.