शिपायाचा पहिला धडा

पोलिसांत नव्याने भरती झालेल्या तरुणाला कवाईत शिकवितात, कलमेही पाठ करवितात. पण कलमांमागचा इतिहास त्याला कोणी सांगतो काय? मद्रास इलाख्यातील छळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १८५५ साली नमूद केले की, सारावसुलीसाठी आणि गुन्हा कबूल करवून घेण्यासाठी रयतेचे हाल होतात. पुढे १८६१ च्या फौजदारी संहितेने व १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमाने, पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुराव्यात घेण्यास मनाई केली. परक्या सरकारलाही आपल्याच शिपायाचा भरवसा नव्हता!

१९५० च्या राज्यघटनेने अनुच्छेद २२ अन्वये सामान्य अटकेत कारण सांगणे, वकील घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे बंधनकारक केले. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. कबुलीचा नियम भारतीय साक्ष अधिनियमाच्या २३ व्या कलमात कायम आहे.

संपात कामगार आणि शिपाई समोरासमोर उभे राहतात. दोघेही बहुधा शेतकऱ्याचीच पोरे. म्हणून आम्ही म्हणतो, शिपायाने या नियमात आपला अपमान पाहू नये. ‘मारून वदवून घे’ असा हुकूम वरून आला, तर नाही म्हणण्यास हाच कायदा त्याच्या पाठीशी उभा आहे.