मृत्युंजय

महाभारतातील कर्णाच्या जीवनावरील शिवाजी सावंत यांची मराठी कादंबरी (१९६७).

सावंत (१९४०–२००२) कोल्हापूर जिल्ह्यातील आजऱ्याचे. लेखनकाळात कोल्हापुरात शिक्षक (पहा : सावंत, शिवाजी). प्रकाशक पुण्याचे कॉन्टिनेन्टल प्रकाशन.

कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाचा भाऊ शोण, पत्नी वृषाली व कृष्ण आपापली बाजू प्रथमपुरुषात सांगतात. जन्मतः कवचकुंडले लाभलेला आपण सूतपुत्र कसे, या कर्णाच्या प्रश्नाभोवती कथानक फिरते. उत्तर त्याला कृष्ण आणि कुंतीकडूनच मिळते, तेही युद्धाच्या तोंडावर. तोवर तो दुर्योधनाच्या मैत्रीत पुरता बांधला गेलेला असतो. निवेदक बदलले तरी भाषेचा अलंकृत डौल बहुधा एकच राहतो.

हिंदी, इंग्रजीसह अनेक भाषांत अनुवाद. भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कार. कोवाडच्या (जि. कोल्हापूर) रणजित देसाईंची कादंबरीही कर्णावरच आहे (पहा : राधेय).